अण्णांना विचारलं का?

श्रीगोंदा तालुक्यातल्या सगळ्या बचत गटांच्या अध्यक्षा, सचिव, सभासद, आणि चुलीपाशी रेडिओ ठेवून भाकरी थापता थापता ऐकणाऱ्या सगळ्या जणींना नमस्कार.

गेल्या वेळी मी बँकेच्या कर्जाच्या फाइलबद्दल बोलले होते. त्यानंतर दोन-तीन जणींनी मला विचारलं, "ताई, तुम्ही हल्ली मीटिंगला उशिरा येता. मधेच पुण्याला जाता. घरी काय आहे का?" आहे. तेच आज सांगते. ही माझ्या वडिलांची गोष्ट आहे आणि ती अण्णांना विचारूनच सांगतेय. ते म्हणाले, "सांग, पण माझं नाव घेऊ नको. उगं गावभर चौकशा होत्यात." म्हणून नाव घेत नाही. त्यांच्या कारखान्याचं आणि आम्ही गेलो त्या दवाखान्यांचंही घेत नाही.

अण्णांचं वय सत्तर. गेल्या उन्हाळ्यापर्यंत लिंबोणीची बाग ते एकट्यानं बघायचे. मे महिन्यात आई म्हणायला लागली की विहिरीवरून घरी येताना ते दोनदा बसतात. उजव्या कुशीत दुखतं म्हणायचे, आम्ही म्हणायचो गोणी उचलली असेल. मग एका रात्री त्यांना आडवंच होता येईना. दवाखान्यात नेलं, छातीचा फोटो काढला, आणि डॉक्टर म्हणाले छातीत पाणी झालंय. सुईनं दीड लिटर पाणी काढलं आणि टीबीच्या गोळ्या सुरू केल्या.

मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही. आपल्याकडे छातीत पाणी झालं की बहुतेक वेळा टीबीच असतो, आणि टीबी गोळ्यांनी बरा होतो. पण काढलेल्या पाण्यात टीबीचा जंतू सापडला होता का, हे आम्ही विचारलंच नाही. नंतर कागद बघितला तर सापडला नव्हता. दोन महिन्यांत पाणी पुन्हा भरलं. वजन आठ किलोनं उतरलं. शेजारच्या एक जण तर अण्णांचा चहाचा कप वेगळा ठेवायला लागल्या. अण्णांनी ते पाहिलं आणि त्या घरी जाणं बंद केलं.

सप्टेंबरमध्ये आम्ही पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी सगळे फोटो पाहिले आणि मग अण्णांना विचारलं, "बाबा, शेती करायच्या आधी तुम्ही काय काम करत होता?"

तीन महिने आम्ही दवाखाने फिरत होतो. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मीसुद्धा नाही, त्यांची मुलगी असून.

अण्णा म्हणाले, "मुंबईला होतो बारा वर्षं. कारखान्यात."

आता मागं जाते. १९७२ चा दुष्काळ तुमच्या सासू-सासऱ्यांना विचारा. नगर जिल्ह्यात खडी फोडायच्या कामावर अख्खी घरंच्या घरं होती, आणि सुकडी खाऊन दिवस काढले होते. अण्णा तेव्हा अठरा वर्षांचे. दोन वर्षांनी, १९७४ ला, गावातल्या एका माणसाच्या ओळखीनं ते मुंबईला गेले. घाटकोपर, मुलुंड, भांडुप या पट्ट्यात तेव्हा कारखानेच कारखाने होते. मुलुंडला सिमेंटच्या पत्र्यांचा मोठा कारखाना १९३० च्या दशकापासून होता. घाटकोपरला गाड्यांच्या ब्रेकचं सामान बनवणारा हिंदुस्तान फेरोडो होता, इंग्लंडच्या टर्नर अँड न्यूऑल कंपनीचा. अण्णांचा कारखाना यातला कुठलाच नाही. तीस माणसांची एक शेड होती. तिथं बॉयलरला आणि गरम पाइपांना गुंडाळायचे दोर, पट्टे आणि पॅकिंग बनवायचे. ते बनवायचे ॲस्बेस्टॉसपासून.

ॲस्बेस्टॉस म्हणजे खाणीतून निघणारा दगडच, पण कापसासारखा पिंजता येतो आणि जळत नाही. अण्णा सांगतात, "शेडमध्ये पांढरं उडायचं. सांजच्याला भुवया पांढऱ्या. पोरं एकमेकांना म्हातारा म्हातारा म्हणून चिडवायची." तोंडाला बांधायला कुणी फडकंसुद्धा दिलं नाही. लग्नानंतर आई चार वर्षं मुंबईला चाळीत होती. रोज संध्याकाळी ती त्यांचा शर्ट गॅलरीत झटकायची आणि मग धुवायची. हे ऐकल्यावर डॉक्टरीणबाईंनी आईचाही फोटो काढायला सांगितला. त्याबद्दल पुढं बोलते.

मग अण्णांच्या बरगड्यांमधून बारीक कॅमेरा घालून आतला तुकडा काढला आणि तपासला. आजाराचं नाव आलं मेसोथेलिओमा. मला ते नाव नीट म्हणायला आठवडा लागला. सोप्या भाषेत सांगते. संत्र्याच्या फोडीवर जसं पातळ कातडं असतं, तसं आपल्या फुप्फुसावर एक पातळ आवरण असतं. त्या आवरणाचा हा कॅन्सर. ॲस्बेस्टॉसची कुसळं श्वासातून आत जातात, ज्वारीच्या कुसळासारखी रुततात आणि तिथंच राहतात. आजार वर यायला वीस ते पन्नास वर्षं लागतात. अण्णांच्या बाबतीत कामाला लागल्यापासून बरोबर पन्नास झाली. हा विडी-तंबाखूनं होत नाही आणि एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तो कप वेगळा ठेवायची काहीच गरज नव्हती.

हे नवं कळलंय असंही नाही. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या भागातले असे ३३ रोगी नोंदवले होते. त्यातले कितीतरी कधी खाणीत उतरलेही नव्हते, नुसते जवळ राहत होते. म्हणजे अण्णा मुंबईला जायच्या चौदा वर्षं आधी हे छापून आलं होतं.

एवढं झाल्यावर खरं अवघड पुढं होतं.

रिपोर्ट आला त्या दिवशी थोरला भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "अण्णांना सांगायचं नाही. कॅन्सर म्हटलं की ते आजच खचतील. पाण्याची गाठ आहे म्हणू." मी हो म्हणाले. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं, कारण सांगायची हिंमत माझ्यातही नव्हती. आईलाही आम्ही अर्धंच सांगितलं. पंधरा दिवस हे चाललं. आम्ही दाराआड बोलायचो, अण्णा आले की गप्प. माझी चुलती तर त्यांच्याकडं बघून डोळ्याला पदरच लावायची.

पुण्याहून परत येताना काष्टीला चहाला थांबलो होतो. भाऊ पाण्याची बाटली आणायला गेला. अण्णा बशीत चहा ओतत म्हणाले, "पोरी, मला वाचता येतं. सातवी पास आहे मी. त्या दरवाजावर कर्करोग विभाग लिहिलंय."

मला काही बोलता येईना.

मग म्हणाले, "तुम्ही माझ्यापुढं येड्यासारखं हसता, त्याचा जास्त तरास होतो. मला काय झालंय ते मला कळू द्या की."

मैत्रिणींनो, आपल्या घराघरांत हे होतं. मायेनंच होतं. पण लपवल्यानं आजार काही थांबला नव्हता. माणूस मात्र पंधरा दिवस एकटा पडला होता. पुढच्या वेळी आम्ही डॉक्टरीणबाईंना सांगितलं की त्यांना सगळं त्यांच्या तोंडावर सांगा, आम्ही शेजारी बसतो. अण्णांनी तीन गोष्टी विचारल्या. बरं होईल का? किती दिवस आहेत? दुखेल का? डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढून घेतली आणि सांगितलं की हा आजार मुळापासून जाईल असं मी म्हणणार नाही, किती दिवस ते नेमकं कुणालाच सांगता येत नाही, पण दुखणं आणि दम लागणं कमी करायला आमच्याकडं पुष्कळ काही आहे. अण्णा खचले नाहीत. त्या रात्री ते नीट जेवले. भाऊच जेवला नाही.

आता उपचार काय काय असतात ते सांगते. हे मी डॉक्टरांना विचारून वहीत लिहून घेतलंय. तुम्हीही जाताना वही न्या. आत गेलं की सगळं विसरतं.

पहिलं विचारायचं, आजाराचा प्रकार कुठला. मेसोथेलिओमाचे मुख्य तीन प्रकार आहेत. त्यातला एपिथेलिऑइड हा त्यातल्या त्यात सौम्य, सार्कोमॅटॉइड हा जास्त जोराचा, आणि तिसरा दोन्हींची मिसळ. अण्णांचा पहिला निघाला. उपचार कुठला घ्यायचा ते पुष्कळसं यावर ठरतं.

भावाला वाटत होतं ऑपरेशन करून टाकावं, म्हणजे विषय संपला. आपल्या सगळ्यांनाच तसं वाटतं. पण इंग्लंडमध्ये ३३५ पेशंटवर एक मोठी तपासणी झाली, ती २०२४ मध्ये छापून आली. निम्म्यांना नुसती केमोथेरपी दिली, निम्म्यांना केमोथेरपी आणि आवरण काढायचं मोठं ऑपरेशन. ऑपरेशनवाले जास्त जगले नाहीत, उलट त्यांना त्रास जास्त झाला. काही मोजक्या पेशंटसाठी मोठे सर्जन अजूनही विचार करतात. पण कुणी पहिल्याच भेटीत "ऑपरेशनचे एवढे लाख भरा" म्हणालं तर दुसरीकडं दाखवल्याशिवाय सही करू नका.

मग केमोथेरपी. पेमेट्रेक्स्ड नावाचं औषध आणि त्यासोबत सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन. दर एकवीस दिवसांनी सलाईनमधून. त्याच्या आठवडाभर आधीपासून फॉलिक ॲसिडची गोळी रोज आणि बी-१२ चं इंजेक्शन घ्यावं लागतं. ती गोळी चुकवायची नाही, तिच्यामुळं औषधाचा त्रास कमी होतो. २००३ मध्ये या दोन औषधांची मोठी तपासणी आली. एकट्या सिस्प्लॅटिनवर पेशंट साधारण ९ महिने जगत होते, दोन्ही मिळून साधारण १२.

हा आकडा ऐकून मी कोपऱ्यात जाऊन रडले. मग डॉक्टरीणबाईंनी समजावलं, ते तुम्हालाही सांगते. आपल्या गटातल्या वीस बाया वयानं रांगेत उभ्या केल्या आणि मधलीचं वय सांगितलं, तर त्यावरून पहिलीचं आणि शेवटचीचं वय कळत नाही. हे १२ महिने तसे मधल्याचे आहेत. निम्मे त्याआधी गेले, निम्मे त्यानंतरही होते, काही पुष्कळ नंतरही. अण्णा रांगेत कुठं उभे आहेत ते कुणाला ठाऊक नाही.

तिसरा उपाय इम्युनोथेरपी. शरीराची स्वतःची ताकद जागी करणारी औषधं, निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब. २०२१ मध्ये त्यांचा निकाल आला. केमोथेरपीवर १४ महिने, या औषधांवर १८, तेही मधल्या माणसाचे. जोराच्या प्रकारात फरक खूप मोठा होता, जवळजवळ दुप्पट. अण्णांच्या प्रकारात फरक दोन-अडीच महिन्यांचा. औषधाचा खर्च लाखांत.

आणि इथंच घरात भांडण लागलं. भावानं रस्त्याकडच्या वीस गुंठ्याला गिऱ्हाईक बघितलं होतं. सातबारा काढून आणला होता. तो वाईट नाही, मैत्रिणींनो. बापासाठी जमीन विकायला निघालेला मुलगा वाईट कसा म्हणायचा? त्याला लोकांचीही भीती होती. लोक म्हणतील बाप होता आणि यानं गुंठे धरून ठेवले. मी म्हणाले, "दादा, अण्णांना विचारलं का?" तो म्हणाला, "त्यांना काय विचारायचं, ते नकोच म्हणणार."

ते खरंच होतं. अण्णांना पैशाचं सांगितलं की ते नकोच म्हणणार, आणि मग ते त्यांच्या मनातलं आहे की आपल्यासाठी म्हणतायत, हे कळायचं कसं? म्हणून एके सकाळी मी एकटी त्यांच्यासोबत बागेत गेले. म्हटलं, "अण्णा, पैसा बाजूला ठेवा. पैसा आहे असं धरून चला. तुम्हाला काय पाहिजे?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. एका झाडाची वाळकी फांदी मोडत राहिले. मग म्हणाले, "हस्त बहार धरलाय. उन्हाळ्यात लिंबाला भाव असतो. तो तोडा मला बघायचाय. आडवं पडून न्हाई, झाडाखाली बसून." आणि थोड्या वेळानं, "दवाखान्यात मरायचं न्हाई. अन् त्या सुया सारख्या सारख्या टोचून पाणी काढतात ते बंद व्हतंय का बघ."

बघा, यातली एक गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याच यादीत नव्हती. आम्ही महिने मोजत होतो आणि त्यांना सुईचा त्रास होत होता. त्यावर तर उपाय होता. छातीतलं पाणी काढून टाकून आत औषधी पावडर सोडतात, त्यानं दोन आवरणं एकमेकांना चिकटतात आणि पाणी साठायला जागा राहत नाही. किंवा एक मऊ नळी कायमची बसवून देतात, तिच्यातून घरच्या घरी पाणी काढता येतं. अण्णांना पावडरीचं केलं. तेव्हापासून एकदाही सुई टोचायला लागली नाही. आम्ही आधी विचारलं असतं तर हे महिनाभर आधी झालं असतं.

केमोथेरपी त्यांनी घ्यायची ठरवली. "चार घेऊन बघू, झेपलं तर पुढं," असं त्यांचंच बोलणं. इम्युनोथेरपीला ते नको म्हणाले, आणि डॉक्टरांनीही सांगितलं की तुमच्या प्रकारात आधी केमोथेरपी घेणं यात काही चूक नाही. वीस गुंठे राहिले. भाऊ आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. मुलीनं माहेरच्या जमिनीच्या बाबतीत तोंड घातलं ना.

आता खर्चाचं पटकन सांगते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचा उपचार बसतो, त्यात कॅन्सरची केमोथेरपीही येते. रेशनकार्ड आणि आधार लागतं, नावं दोन्हीकडं सारखी पाहिजेत. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र म्हणून माणूस बसलेला असतो, आधी त्याला भेटा, पैसे भरल्यावर नाही. त्याला औषधाचं नाव दाखवून विचारा की हे योजनेत आहे का, कारण सगळीच महाग औषधं असतात असं नाही. चौकशीचा फुकट नंबर १५५३८८.

दुसरा सल्ला घ्यायचा असेल तर मुंबईला परळचं टाटा हॉस्पिटल आहे, १९४१ पासूनचं. जाताना नुसते कागद नेऊन भागत नाही. तपासलेल्या तुकड्याची काचपट्टी आणि मेणात बसवलेला ब्लॉक पहिल्या दवाखान्यातून मागून घ्या. तो आपलाच असतो, मागायला लाजू नका. राहायला दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समिती आहे. आम्ही टाटाला एकदाच जाऊन आलो, त्यांनीही तोच आजार, तोच उपचार सांगितला, आणि भावाचं मन त्यानंतर जरा शांत झालं. एसटीला अण्णांना ज्येष्ठ नागरिक म्हणून आणि मला बाई म्हणून अर्धं तिकीट. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला आणि सोबतच्या एका माणसाला सवलत मिळते, दवाखान्याचा सही-शिक्क्याचा दाखला घेऊन ठेवा.

घरात काय करायचं, ते मात्र सावकाश ऐका. केमोथेरपीनंतर ताप आला, शंभरच्या वर गेला, तर गावात सलाईन लावून बघू म्हणायचं नाही. रात्र असली तरी दवाखान्याला फोन करायचा. त्या दिवसांत रक्तातली ताकद कमी असते आणि ताप जिवावर बेतू शकतो. दम लागला की पंखा तोंडावर धरायचा. हे मला आधी खोटं वाटलं, पण गालावर वारा लागला की श्वास हलका वाटतो. आम्ही जत्रेत मिळतो तसला बॅटरीचा छोटा पंखा आणलाय, तो अण्णांच्या उशाशी असतो. झोपताना पाठीमागं गोधड्यांची उतरंड. बसल्यावर पुढं उशी घेऊन तिच्यावर हात टेकवून ओणवं बसायचं. जेवण थोडं थोडं, चार वेळा. तोंडाला चव नसते, मग अण्णा लिंबाचं लोणचं मागतात. तोंड आलं नसेल तेव्हा देतो.

आणि मॉर्फिनच्या गोळीला घाबरू नका. गावात म्हणतात ती गोळी दिली म्हणजे संपलं. तसं नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोड्या प्रमाणात दिली तर दुखणं आणि दम दोन्ही कमी होतात, माणूस उठून बसतो. वेदना कमी करणाऱ्या उपचाराला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. ते शेवटच्या आठवड्यात मागायचं नसतं, पहिल्या दिवसापासून मागायचं. कुणी काढा, पावडर दिली तर ती डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका. आमच्याकडं आतापर्यंत सात जणांनी सात औषधं सांगितली.

हे सगळं करतं कोण? मी आठवड्यातून दोन दिवस जाते आणि लोक मला म्हणतात, मुलगी असावी तर अशी. रात्री तीनला उठून अण्णांची पाठ चोळते ती माझी वहिनी. तिला कुणी काही म्हणत नाही. दिवाळीत तिला ताप होता आणि ती तशीच धुणं धूत होती, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आम्ही तिलाही काही विचारलेलं नाही. आता महिन्यातून चार दिवस ती माहेरी जाते आणि मी रजा टाकते. त्यांच्या गटातल्या बायांनी बागेतल्या कामाच्या पाळ्या लावून घेतल्या, न सांगता. गटातून १५,००० चं तातडीचं कर्ज मिळालं, तेही दुसऱ्या दिवशी. वही लिहिताना सचिवबाईंनी कारण लिहिलं, आजारपण. मी म्हटलं पूर्ण नाव लिहा.

आईचं राहिलं. तिचा छातीचा फोटो सध्या चांगला आहे, दरवर्षी तपासायला सांगितलंय. पण बायकोनं नुसते धुळीचे कपडे धुतले म्हणून तिलाच हा आजार झाला, असं जगात पुष्कळ ठिकाणी घडलंय. हे कळल्यावर आई एवढंच म्हणाली, "मी शर्ट झटकायचे तेव्हा थोरला खाली रांगत असायचा." त्यानंतर तिनं तो विषय काढलेला नाही. भाऊही तपासून आला. तोही ठीक आहे.

मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस कारखान्यात डॉक्टरांनी १८१ कामगार तपासले होते, २००५ मध्ये ते छापून आलं. त्यातल्या ४१ जणांच्या फुप्फुसांत या धुळीचा आजार होता. आणि सुप्रीम कोर्टानं २७ जानेवारी १९९५ ला निकाल दिलाय की असल्या कारखान्यांनी प्रत्येक कामगाराच्या तब्येतीची नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा काम सोडल्यावर १५ वर्षं, यातलं जे उशिरा येईल तोवर ठेवली पाहिजे, आणि कामगारांचा विमा पाहिजे. अण्णांची शेड कधीच बंद झाली. पण आईच्या पेटीत, लग्नाच्या शालूखाली, ईएसआयचं जुनं कार्ड आणि पगाराच्या तीन चिठ्ठ्या सापडल्या. वकिलांना दाखवल्यात. उत्तर आलेलं नाही. पैसे मिळतीलच असं मी धरलेलं नाही. पण तुमच्या घरात कुणी मुंबईला कारखान्यात, दारूखान्यात जुनी जहाजं तोडायला, गिरणीच्या बॉयलरवर, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये काम केलेलं असेल, तर ते कागद टाकू नका, आणि छातीत पाणी झालं तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता स्वतःहून सांगा की यांनी अमुक काम केलंय.

एक प्रश्न येणारच, म्हणून सांगते. आपल्या गोठ्यावर, पडवीवर जे सिमेंटचे पत्रे आहेत त्यातही ॲस्बेस्टॉस असू शकतं. साठाहून जास्त देशांनी ते बंद केलंय, आपल्याकडं ते बाहेरून येतं आणि विकलं जातं. धड असलेला पत्रा डोक्यावर आहे म्हणून घाबरून उद्याच उतरवायला जाऊ नका, तेच जास्त वाईट. तो कापायचा नाही, भोकं पाडायची नाहीत, वर चढून खराट्यानं घासायचा नाही. फुटलाच तर पाणी मारून ओला करून, तोंडाला बांधून उचला. त्याचा चुरा रस्त्याच्या खड्ड्यात टाकतात, तो टाकू देऊ नका, पोरं तिथंच खेळतात. आणि नवीन गोठा बांधताना पत्रा कुठला घेताय ते दुकानदाराला विचारा.

अण्णांचे चार डोस झाले. परवाच्या फोटोत गाठ वाढलेली नाही, किंचित आकसलीय असं डॉक्टर म्हणाले. चौथ्या डोसनंतर मात्र दहा दिवस त्यांना पायऱ्या चढवत नव्हत्या, म्हणून पाचवा घ्यायचा की नाही हे मी त्यांना काल विचारलं. म्हणाले, "घेऊ. पण तोडणीच्या आत संपव." लिंबं आता सुपारीएवढी झालीत.

पाचवा डोस येत्या मंगळवारी आहे. म्हणून बुधवारची ग्रामसंघाची मीटिंग आपण शुक्रवारी दुपारी दोनला घेऊ. हप्त्याच्या पावत्या सोबत आणा.